आते कोन जाई?



ऐंशीच्या दशकातली एक संध्याकाळ सांगून सुरुवात करतो. पारोळ्याजवळच्या एका गावात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, निमित्ताने कबड्डीच्या स्पर्धा होत्या. मातीचं मैदान. सकाळी पाणी मारून धुम्मस केलेलं, दुपारी फक्कीने रेषा आखलेल्या. संध्याकाळपर्यंत निम्म्या रेषा पायांनी पुसल्या गेल्या होत्या. उपांत्य सामना होता आणि आमच्या संघात एक हुकमी चढाईपटू होता. त्याचं नाव सांगत नाही, पण या सभागृहातल्या साठीच्या पुढच्या माणसांना ते ठाऊक आहे. लांब हात, मांजरासारखे पाय, एका दमात दोन गडी मारून मध्यरेषेवर परतायचा. साखळीतले तिन्ही सामने त्याने एकट्याने काढले होते. मी त्याच संघात डावा मध्यरक्षक होतो. माझ्याकडे कोणी बघत नसे, आणि त्याचं मला तेव्हा वाईटही वाटत नसे.

त्या सामन्यात सुरुवातीलाच त्याला समोरच्या उजव्या कोपऱ्याने घोट्यात धरला. पाठोपाठ साखळी पडली, गडी बाद. तो मैदानाबाहेर सुतळीच्या पोत्यावर जाऊन बसला. शंभर-दीडशे माणसं एकदम गप्प झाली. मग गर्दीतून एका म्हाताऱ्या बाबांचा आवाज आला, ‘आते कोन जाई रे भो?’

आता चढाईला कोण जाणार? आम्ही सहा जण एकमेकांकडे बघत राहिलो. सरावात चढाई आम्ही कधी केलीच नव्हती. ती त्याची होती. शेवटी एक पोरगा गेला. सावद्याकडे केळीचे घड वाहायचं काम करून खेळायला यायचा, खांदे दगडासारखे. जाऊन निदान रेषेपाशी दोनदा पाय टाकला आणि रिकामा परत आला. पुढच्या चढाईला धरला गेला. एकेक करत सगळे बाद झालो आणि आमच्यावर लोण चढला. लोणानंतर आमचा हुकमी गडी उठला, दोन गुण आणले, पुन्हा धरला गेला, पुन्हा पोत्यावर. दुसरा लोण चढला आणि सामना गेला.

परतीच्या एसटीत आमचे प्रशिक्षक, आमचे सर, माझ्या शेजारी बसले होते. एरंडोल जाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग खिशातून छोटी वही काढून म्हणाले, ‘तो आज निम्मा वेळ बसूनच होता. मैदानात होता तेव्हा आपण बरोबरीत होतो. हरलो ते तो बसलेला असताना.’

आज मला जे सांगायचं आहे ते सगळं या वाक्यात आहे. हुकमी गडी संघाला बाद फेरीपर्यंत आणतो. बाद फेरीत मात्र प्रश्न असा असतो की तो बसला की त्याला उठवतो कोण.

कबड्डीत हा प्रश्न नियमातच आहे. दुसऱ्या खेळांत तो इतका उघडा दिसत नाही. आपल्याकडे पूर्वी हुतूतू तीन तऱ्हांनी खेळला जायचा. ‘अमर’मध्ये बाद झालेला गडी बाहेर जातच नसे, गुण तेवढा लागायचा. ‘गामिनी’त बाद झालेला गडी अख्खा संघ बाद होईपर्यंत बसून राहायचा. ‘संजीवनी’त समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक उठायचा. पुढे नियम बांधले गेले तेव्हा संजीवनी टिकली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तो पदकांचा खेळ झाला. आज मॅटवर, बूट घालून, दूरदर्शनच्या दिव्यांखाली खेळतात, पण पाया संजीवनीचाच आहे.

या नियमाचा अर्थ नीट बघा. बाद झालेला गडी स्वतःच्या बळावर परत येऊ शकत नाही. तो कितीही मोठा असो, सोबत्याने चढाईत गडी मारावा किंवा पकड करावी, तेव्हाच तो उठतो. तेही ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने. आधी बसलेला आधी उठणार. हुकमी गडी चौथा बसला असेल, तर त्याच्या आधीचे तीन उठवल्याशिवाय त्याची पाळी नाही. आणि बाद गड्याच्या जागी बदली खेळाडूही उतरवता येत नाही. नियमात मोठेपणाला वेगळी रांग नाही.

आता थोडा हिशेब. सामना चाळीस मिनिटांचा, चढाई तीस सेकंदांची. म्हणजे पूर्ण सामन्यात साधारण ऐंशी चढाया, आपल्या वाट्याला चाळीस. हुकमी गडी दहा मिनिटं बसला तर आपल्या दहा चढाया दुसऱ्या कोणीतरी करायच्या आहेत. शिवाय समोरच्यांच्या दहा चढाया अडवायच्या आहेत. या वीस वेळांत काय होतं, यावर तो उठणार की नाही हे ठरतं. मोठ्या स्पर्धेतला कोणताही निकाल काढा आणि त्या वीस वेळांकडे बघा. गोष्ट तिथे असते.

प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली. आपल्या गावागावांत टीव्हीसमोर पोरं बसली आणि ‘डुबकी’ हा शब्द शिकली. डुबकी प्रदीप नरवालची. या माणसाची आणि पाटण्याच्या संघाची गोष्ट मला सांगायचीच आहे, कारण माझा मुद्दा तिच्यात जसा उलगडतो तसा तो दुसरीकडे कुठे उलगडत नाही.

२०१७ चा हंगाम. प्रदीपने त्या एका हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळवले. बाद फेरीत हरियाणाविरुद्ध पाटण्याने ६९-३० असा सामना जिंकला, त्यात प्रदीपचे एकट्याचे ३४ गुण, आणि एका चढाईत तर आठ. समोर सहा गडी उभे होते आणि तो खाली वाकून त्यांच्या साखळीखालून निघून गेला. मी ते दृश्य किती वेळा पाहिलं असेल त्याची गणती नाही. अंतिम सामन्यात पाटण्याने गुजरातला ५५-३८ असं हरवलं आणि सलग तिसरं विजेतेपद घेतलं. सगळ्यांनी म्हटलं, प्रदीपने जिंकून दिलं. खरंही होतं.

पण त्या संघात मोनू गोयत नावाचा दुसरा चढाईपटू होता. प्रदीप बसला की तो जायचा आणि गडी उठवून आणायचा. पुढच्या वर्षी लिलावात हरियाणाने मोनूवर १ कोटी ५१ लाखांची बोली लावली, तो त्या लिलावातला सर्वांत महागडा खेळाडू ठरला. पाटण्याकडे प्रदीप राहिला, मोनू गेला. आणि जो संघ तीनदा विजेता होता, तो २०१८ च्या हंगामात बाद फेरीतही पोहोचला नाही. २०१९ मध्येही नाही. त्या वर्षी प्रदीपच्या चढाईचे गुण होते ३०२. तीनशेहून अधिक गुण काढणारा गडी आणि संघ बाद फेरीच्या बाहेर! हे दोन आकडे शेजारी ठेवून मी खूप वेळ बसलो होतो. माणूस तोच, डुबकी तीच. उठवणारा हात मात्र गेला होता.

गोष्ट इथे संपत नाही. २०२१ च्या लिलावात पाटण्याने प्रदीपलाही सोडलं. उत्तर प्रदेशाने त्याला १ कोटी ६५ लाखांना घेतलं, तोवरची सर्वांत मोठी बोली. त्या हंगामात पाटणा साखळीत अव्वल ठरला. इराणचा मोहम्मदरझा शादलू डाव्या कोपऱ्यात उभा राहिला, आणि चढाईचा भार तीन-चार जणांनी वाटून घेतला. उपांत्य सामन्यात समोर आला तो प्रदीपचाच उत्तर प्रदेशाचा संघ. पाटण्याने तो ३८-२७ असा जिंकला. मला त्या दिवशी प्रदीपसाठी वाईट वाटलं. मोठा खेळाडू आहे तो, त्याच्यात काही कमी झालं नव्हतं.

अंतिम सामन्यात मात्र पाटणा हरला, फक्त एका गुणाने, ३७-३६. समोर दिल्ली होती आणि दिल्लीकडे नवीन कुमार होता, त्या काळातला सर्वांत धारदार चढाईपटू. पण तो सामना बारकाईने बघा. नवीनचे गुण तेरा. विजय मलिकचे चौदा. त्याच हंगामात नवीन दुखापतीमुळे बरेच सामने बाहेर बसला होता आणि त्या काळात दिल्लीने दुसऱ्यांना चढाईला पाठवून संघ उभा ठेवला होता. ते दुखणं दिल्लीच्या कामी आलं असं मी म्हणतो, कारण त्याच्या दोन वर्षं आधी याच दिल्लीला नेमकं हे जमलं नव्हतं. १९ ऑक्टोबर २०१९, अहमदाबाद. दिल्ली साखळीत पहिली. अंतिम सामन्यात नवीनने अठरा गुण मिळवले. समोर बंगाल, आणि बंगालचा कर्णधार मनिंदर सिंग दुखापतीमुळे मैदानातच नव्हता. कोणीही सांगितलं असतं, दिल्ली. पण ३९-३४ ने जिंकला बंगाल. इराणच्या मोहम्मद नबीबक्षने चढाया केल्या, सुकेश हेगडेने केल्या, जीवा कुमारने बचाव सांभाळला. मनिंदर नाही, म्हणून प्रत्येकाला थोडं थोडं मनिंदर व्हावं लागलं.

कोणी म्हणेल, एकट्याने अंतिम सामना जिंकल्याची उदाहरणंही आहेत. आहेत. जानेवारी २०१९ मध्ये बंगळुरूने गुजरातला ३८-३३ असं हरवलं तेव्हा ३८ पैकी २२ गुण पवन सेहरावतचे होते. असा दिवस येतो. तो आला की प्रेक्षकांना जन्मभर पुरतो. पण प्रशिक्षकाने, आणि विशेषतः गावच्या मंडळाने, अशा दिवसावर संघ बांधू नये. साखळीत हुकमी गड्याचा एखादा दिवस वाईट गेला तर पुढचा सामना असतो. बाद फेरीत पुढचा सामना नसतो. शिवाय समोरच्या संघाला त्याचा उजवा पाय, डावा पाय, कुठल्या कोपऱ्याकडे तो वळतो, सगळं पाठ झालेलं असतं. तिसऱ्या चढाईपटूचं मात्र कोणी काही पाठ केलेलं नसतं.

मोठ्या नावांची बेरीज करूनही हे सुटत नाही. १९९० पासून सलग सात आशियाई सुवर्णपदकं घेतलेला भारताचा पुरुष संघ २०१८ मध्ये जकार्तात उपांत्य फेरीत इराणकडून २७-१८ ने हरला. अजय ठाकूर, प्रदीप, राहुल चौधरी, रिशांक देवाडिगा, नावं मोजत बसावं अशी. सगळे चढाईचे राजे. आणि अठरा गुण! सात हुकमी गडी एकत्र आणले म्हणून संघ खोल होत नाही. चढाईला जाणारे अनेक असतील आणि घोटा धरून ठेवणारे कमी पडले, तर पोत्यावर गर्दी होते, उठवायला कोणी उरत नाही.

दूरच्या एका खेळातही हेच दिसतं, म्हणून दोन मिनिटं तिकडे जातो. बर्फावरची हॉकी. आपल्या देशात ती लडाखमध्ये खेळतात. अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या लीगमध्ये आघाडीचे खेळाडू तीन-तीनच्या चार तुकड्यांत विभागलेले असतात आणि पाऊणएक मिनिट जीव तोडून खेळून तुकडी बदलते. बाद फेरीत प्रत्येक लढत सातपैकी चार सामने जिंकण्याची. टॅम्पा बे नावाच्या संघाने २०१८-१९ मध्ये साखळीतल्या ८२ पैकी ६२ सामने जिंकले आणि पहिल्याच बाद फेरीत चारही सामने हरून ते घरी गेले. पुढच्या वर्षी त्यांनी भर हंगामात ब्लेक कोलमन आणि बार्कली गुड्रो हे दोन कष्टाळू गडी आणून तिसऱ्या तुकडीत घातले. तारे नव्हेत ते, धडका घेणारे. त्या वर्षी त्यांचा कर्णधार स्टीव्हन स्टॅमकोस दुखापतीमुळे सगळ्या बाद फेरीत तीन मिनिटांहूनही कमी खेळला, तरी करंडक टॅम्पाने नेला. दुसरीकडे एडमंटनचा कॉनर मॅकडेव्हिड, आजच्या घडीचा सर्वश्रेष्ठ. २०२४ च्या बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला गौरवलं गेलं, पण अंतिम लढतीचा सातवा सामना त्याचा संघ २-१ ने हरला. हरलेल्या बाजूचा तो मुलगा बक्षीस घ्यायलाही आला नाही.

परत आपल्या मातीत येऊ. १ मार्च २०२४ ला हैदराबादला पुणेरी पलटणने हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली. त्या रात्री मी धुळ्यात होतो. शेजारच्या पोरांनी रस्त्यावर फटाके लावले, आणि मला सर आठवले, कारण असा संघ त्यांनी बघायला हवा होता. साखळीत हा संघ पहिला आला होता, ९६ गुणांनी, आणि तरीही त्यांच्या एकाही चढाईपटूने हंगामात चढाईचे दोनशे गुण केले नव्हते. दिल्लीच्या आशू मलिकने पावणेतीनशेच्या वर केले. पुण्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, शिवाय नाशिकचा आकाश शिंदे. एक बसला की दुसरा तयार. अंतिम सामन्यात कर्णधार अस्लमचे गुण मोजकेच होते. सामना फिरला तो मध्यंतराच्या तोंडावर पंकजने एका चढाईत चार गुण आणले तेव्हा. मागे शादलू होताच, या वेळी पुण्याकडून, आणि त्याच्या बाजूला गौरव खत्री, संकेत सावंत, अभिनेश नटराजन, ज्यांची नावं चहाच्या टपरीवर कोणी घेत नाही. प्रशिक्षक होते बी. सी. रमेश, आणि २०१९ मध्ये मनिंदरविना जिंकलेल्या बंगालचे प्रशिक्षकही तेच होते. मी याला योगायोग मानत नाही.

अस्लम नगर जिल्ह्यातल्या खेड्यातला. तो आणि आकाश २०२३ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. नाशिक आपल्याला लागून आहे, आणि नगर त्याच्या पलीकडेच. मग खानदेशातून का नाही, हा प्रश्न इथे बसलेल्या प्रत्येकाच्या मनात आहे, माझ्याही आहे. त्याला मैदानं, मॅट, प्रवासाचा खर्च, नोकऱ्या अशी खूप कारणं आहेत आणि ती सगळी खरी आहेत. पण एक कारण आपल्या हातातलं आहे. आपण संघ तयार करत नाही, आपण एक गडी तयार करतो. हिवाळ्यातल्या आपल्या दिवस-रात्र स्पर्धांत मी आजही फिरतो. चोपड्याकडे, शिरपूरकडे, साक्रीकडे. प्रत्येक गावात एक हुकमी चढाईपटू. सरावात साठ चढायांपैकी पन्नास त्याच्या. बाकीची पोरं त्याला चढाईचा सराव मिळावा म्हणून समोर उभी केलेली. मोठ्या स्पर्धेत गावोगावचे असे हुकमी गडी एका जिल्हा संघात येतात आणि सगळ्यांना डावीकडून चढाई करायची असते. उजवा मध्यरक्षक कोण, असं विचारलं की शांतता.

पारोळ्याहून परतल्यानंतर सरांनी जे केलं ते मी शब्दशः सांगतो. पुढच्या सोमवारी सरावाला त्यांनी हुकमी गड्याला पोत्यावर बसवलं. तो रागावला. सर म्हणाले, ‘अर्धा तास तू बाद आहेस. हे तुला उठवतील तेव्हा ये.’ समोर सात, आमच्या बाजूला चार. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात आम्ही त्याला एकदाही उठवू शकलो नाही. तो तसाच बसून राहिला, घामही न येता घरी गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी केळीवाल्या पोराने समोरच्या चढाईपटूला खांद्याने अशी धडक दिली की तो थेट मैदानाबाहेर. गडी उठला! हुकमी गडी पोत्यावरून उडी मारून आला आणि त्याने पहिल्यांदा त्या पोराला नावाने हाक मारली. तोवर तो त्याला ‘ए’ म्हणायचा.

पावसाळा लागेपर्यंत हा क्रम चालला. आम्ही चौघं चढाई शिकलो असं नाही म्हणणार. मी आयुष्यात चांगला चढाईपटू झालो नाही. पण चार जण उभे असताना निदान रेषा ओलांडून एक पाय टेकवून दमात परत यायचं, चढाई रिकामी गेली तरी स्वतः बाद व्हायचं नाही आणि पुढच्या पकडीपर्यंत वेळ काढायचा, हे आम्हाला आलं. कमी गडी उरल्यावर घाबरायचं नाही हे आलं. आजच्या नियमांत तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी पकड केली तर एक गुण जास्त मिळतो. तेव्हा तसं काही नव्हतं. तरी सर त्या पकडीपुढे वहीत चांदणी काढायचे.

ती वही सरांच्या मुलीने मला दिली आहे. सोबत आणली आहे. पानांवर सामन्याची तारीख, गाव, समोरचा संघ. गुणांचा रकाना आहे, बाद झाल्याचा आहे, आणि शेवटी एक रकाना आहे जो मी दुसऱ्या कुठल्याही गुणपत्रकात पाहिला नाही. त्याचं नाव ‘कोणी उठवले’. प्रत्येक वेळी हुकमी गडी परत मैदानात आला तेव्हा कोणाच्या चढाईने किंवा पकडीने आला, त्याचं नाव. पहिल्या काही पानांवर तो रकाना जवळजवळ कोराच आहे. पुढे केळीवाल्याचं नाव दिसू लागतं, मग आणखी दोघांचं. दोन ठिकाणी माझं.

आपल्या स्पर्धांत उत्कृष्ट चढाईपटूचं बक्षीस असतं, उत्कृष्ट पकडीचं असतं, मालिकावीराचं असतं. ती असू द्या. मी आयोजकांना एवढंच मागतो, या हिवाळ्यात गुणलेखकाच्या कागदावर हा एक रकाना वाढवा. त्याला खर्च नाही, पंचांची हरकत असायचं कारण नाही. लिहिणाऱ्याला थोडं जास्त लक्ष द्यावं लागेल, एवढंच. वहीतल्या एका पानाच्या नकला काढून मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. अमळनेर, भुसावळ, धुळे, शहादा इथल्या मंडळांची नावं मी त्यांच्यावर घातली आहेत. जाताना आपापली घेऊन जा.